दोन मोठ्या आज्ञा रोजच्या जगण्यात कशा पाळाव्यात

यरुशलेमच्या मंदिरात एका शास्त्र्याने येशूला विचारले होते की सर्व आज्ञांमध्ये पहिली कोणती. मोशेच्या नियमशास्त्रातील आज्ञा यहुदी गुरूंनी पुढे ६१३ मोजल्या, त्यावरून हा प्रश्न किती कठीण होता ते कळते. येशूने उत्तर देताना दोन जुनी वचने एकत्र आणली. जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातून त्याने देवावर पूर्ण मनाने, जिवाने व शक्तीने प्रीती करण्याची आज्ञा घेतली, आणि 'लेवीय' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातून शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची. हा प्रसंग मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात आहे. मत्तयाने त्यात येशूचे आणखी एक वाक्य नोंदवले आहे: सर्व नियमशास्त्र व संदेष्टे या दोन आज्ञांवर अवलंबून आहेत.

नागपुरातील आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ही वचने लहान मुलांनाही पाठ असतात. अडचण आचरणाची आहे. बहुतेक घरांत पहिली आज्ञा रविवारच्या उपासनेकडे आणि दुसरी आज्ञा नाताळातील ब्लँकेटवाटपाकडे सोपवलेली असते, आणि मधल्या दिवसांत दोन्ही बाजूला पडतात. देवाची भक्ती आणि माणसाशी वागणूक या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की दोन्ही बिघडतात, हे योहानाने आपल्या पहिल्या पत्रात कठोर शब्दांत सांगितले आहे: डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करत नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येणार नाही. म्हणून पुढील मार्गदर्शनात दोन्ही आज्ञा एकाच दिनक्रमात कशा बसवाव्यात, याचा विचार केला आहे.

दिवसातील चार वेळा

देवावर प्रीती करण्याची आज्ञा जिथे दिली आहे, तिथेच ती कधी आठवावी हेही सांगितले आहे: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. याहून सोपी दिनचर्या शोधण्याची गरज नाही.

सकाळी उठल्यावर मोबाइल हातात घेण्यापूर्वी ही आज्ञा मोठ्याने म्हणावी आणि एक स्तोत्र वाचावे. दहा मिनिटे पुरतात. कामावर जाताना, जरीपटक्याहून बर्डीला जाणारी बस असो की स्वतःची दुचाकी, त्या दिवशी ज्यांची गाठ पडणार आहे त्यांची नावे देवापुढे घ्यावीत. ज्या साहेबाची भीती वाटते त्याचे, आणि ज्या सहकाऱ्याशी अबोला आहे त्याचेही. ज्याच्यासाठी सकाळी प्रार्थना केली त्याच्याशी दुपारी उर्मटपणे बोलणे जड जाते, आणि दोन आज्ञा एकमेकींशी जोडल्या जातात त्या प्रामुख्याने इथेच, असे माझे मत आहे. संध्याकाळी घरच्यांनी एकत्र बसून एक उतारा वाचावा आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. उत्तर येत नसेल तर तसे सांगून पाळकांना विचारावे. झोपण्यापूर्वी दिवसभरात कुणाला टाळले, कुणाचे ऐकून घेतले नाही, कुणाचे देणे थकवले, एवढेच देवासमोर पाहावे आणि उद्या काय दुरुस्त करायचे ते ठरवून झोपावे.

मार्काच्या शुभवर्तमानात 'पूर्ण बुद्धीने' हे शब्दही आले आहेत आणि आपण त्यांच्याकडे फार दुर्लक्ष करतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवरील वचन रोज वाचणे चांगले आहे, पण तेवढ्याने शास्त्र समजत नाही. एक शुभवर्तमान आरंभापासून अखेरपर्यंत क्रमाने वाचावे. मार्काचे अध्याय १६ आहेत. रोज एक वाचला तरी अडीच आठवड्यांत पुस्तक पूर्ण होते, आणि येशू कुणाच्या घरी जेवला, कुणाला त्याने स्पर्श केला, कुणावर तो रागावला, हे सलगपणे दिसते.

प्रार्थनेत मन लागत नाही असे दिवस येतात. त्या दिवशीही वेळ चुकवू नये. स्तोत्रसंहितेत तक्रारीची, एकटेपणाची, देव ऐकत नाही असे म्हणणारी स्तोत्रे पुष्कळ आहेत. तेरावे किंवा बेचाळिसावे स्तोत्र अशा वेळी वाचावे. भावना येवोत न येवोत, देवापुढे खरे बोलणे हाही प्रीतीचाच भाग आहे.

लेवीयाचा एकोणिसावा अध्याय उघडावा

शेजाऱ्यावर प्रीती म्हणजे नेमके काय, असा प्रश्न पडला की आपण थेट चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याकडे वळतो. तो दाखला अमूल्य आहे, पण आज्ञा मुळात ज्या अध्यायात आहे तो अध्याय फार थोडे लोक वाचतात. लेवीयाचे पुस्तक यज्ञ आणि शुद्धाशुद्धतेच्या नियमांचे आहे अशी समजूत असल्याने ते बाजूला पडते. वस्तुतः एकोणिसावा अध्याय शेजारधर्माचा तपशीलवार धडा आहे, आणि त्यात जवळजवळ प्रत्येक नियमानंतर 'मी परमेश्वर आहे' असे शब्द येतात, म्हणजे माणसाशी केलेला व्यवहार देवासमोर केलेला आहे याची आठवण पानोपानी दिलेली आहे. हा अध्याय हातात घेऊन आपल्या घराचा हिशेब करावा, असे मी प्रत्येक कुटुंबाला आग्रहाने सांगेन.

तेराव्या वचनात सांगितले आहे की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये. आपल्याकडे काम करणारे गवंडी, रंगारी, सुतार, धुणीभांडी करणाऱ्या ताई यांचे पैसे ठरल्या दिवशी, शक्यतो त्यांनी मागण्यापूर्वी, द्यावेत. 'सुटे नाहीत, उद्या या' हे वाक्य घरातून हद्दपार करावे, कारण ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याला उद्याचा दिवस फार लांब असतो. मे महिन्यात आपण कुलूप लावून गावी जातो, तेव्हा घरकाम करणाऱ्या ताईंचा त्या महिन्याचा पगार कापू नये. सुटी आपण घेतली आहे, त्यांनी नाही. आणि ज्या महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो त्या दिवसांत दुपारी येणाऱ्या कुरिअरवाल्याला किंवा सिलिंडर आणणाऱ्याला माठातले पाणी विचारल्याशिवाय परत पाठवू नये.

नवव्या व दहाव्या वचनात शेताच्या कडेचे पीक आणि मळ्यात गळून पडलेली द्राक्षे गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावीत असे सांगितले आहे. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागा असलेल्या आपल्या बांधवांना हे वचन तसेच्या तसे लागू करता येईल. पगारदार माणसाने आपल्या अंदाजपत्रकाला अशी कड ठेवावी. महिनाअखेरीस काही उरले तर देऊ असे म्हटल्यास काही उरत नाही. म्हणून पगार जमा होताच दशमांशाबरोबर एक लहान रक्कम वेगळी काढावी आणि ती कुणाच्या तरी अचानक आलेल्या गरजेसाठी राखून ठेवावी. छत्तिसाव्या वचनात खऱ्या तराजूची आज्ञा आहे. दुकानदारांनी ती मापाबद्दल पाळावी, आणि गिऱ्हाइकांनीही आठवडी बाजारात पालेभाजी विकणाऱ्या म्हातारीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना ती आठवावी.

सोळाव्या वचनात चहाड्या करत फिरू नये असे म्हटले आहे. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही आज्ञा फार सहज मोडते आणि मोडताना भक्तीचे रूप घेते. 'अमुक कुटुंबासाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरात असे असे चालले आहे' असा संदेश शंभर लोकांना जातो आणि ज्यांच्याबद्दल तो आहे त्यांना मान वर करून चर्चमध्ये येणे कठीण होते. नियम सोपा ठेवावा: ज्याच्यासाठी प्रार्थनेची विनंती करायची त्याची आधी परवानगी घ्यावी, आणि परवानगी असली तरी तपशील देऊ नये. देवाला तो ठाऊक आहे.

चौदाव्या वचनात बहिऱ्याला शिव्याशाप देण्यास आणि आंधळ्यापुढे अडखळण ठेवण्यास मनाई आहे. प्रत्येक मंडळीच्या कार्यकारी समितीने या एका वचनावर एक बैठक घ्यावी. चर्चच्या पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार आहे का, ध्वनिक्षेपकाचा आवाज शेवटच्या बाकावर स्पष्ट पोहोचतो का, गीतपुस्तकाची मोठ्या अक्षरांतील प्रत ठेवता येईल का, हे त्या बैठकीत पाहावे. ही कामे फार मोठ्या खर्चाची नाहीत.

सतराव्या वचनाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे, कारण प्रीती म्हणजे गोड बोलणे अशी आपली समजूत ते दूर करते. भावाचा मनात द्वेष धरू नको, त्याला स्पष्टपणे दोष दाखव, असे ते सांगते. ज्याच्या वागण्याने आपण दुखावलो त्याला एकांतात भेटून सांगावे, तिसऱ्याला सांगू नये. आणि हे पाळल्यानंतरच अठराव्या वचनातील शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा येते, तीही सूड व दीर्घद्वेष यांच्या मनाईला लागूनच.

याच अध्यायात पुढे, चौतिसाव्या वचनात, परक्यावरही स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे. नागपूर हे चारी दिशांच्या वाटा मिळणारे शहर असल्याने परका माणूस आपल्या दारात रोज उभा असतो: छिंदवाडा-बालाघाटहून आलेले बांधकाम मजूर, गडचिरोलीहून शिकायला आलेली आदिवासी मुले. त्यांच्यावर प्रीती करण्याची पहिली पायरी त्यांना समजून घेण्याची आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले आणि १८६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी गोंडांची भाषा, गाणी आणि चालीरीती टिपून ठेवल्या. ते लेखन त्यांच्या पश्चात, १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. आज हिस्लॉप कॉलेजमुळे त्यांचे नाव सर्वांच्या तोंडी आहे, पण ज्यांच्याकडे त्या काळी फारसे कुणी लक्ष देत नव्हते त्यांची गाणी एक माणूस बसून लिहून घेत होता, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. आपल्या इमारतीच्या पहारेकऱ्याचे पूर्ण नाव, त्याचे गाव, त्याची मुले कोणत्या इयत्तेत आहेत, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे.

मेडिकल आणि मेयोच्या दारात

चांगल्या शोमरोन्याचा दाखला लूकाच्या दहाव्या अध्यायात आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारी वाट सुमारे हजार मीटर खाली उतरते आणि ओसाड डोंगरांतून जाते. तिथे लुटले जाणे नवलाचे नव्हते. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात व्यवहार नव्हता, तरी लुटून जखमी टाकलेल्या माणसाजवळ शोमरोनी थांबला. त्याने काय काय केले ते क्रमाने वाचले तर मदतीची रीतच समजते. तो जवळ गेला, जखमांना तेल व द्राक्षारस लावून पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत आणून रात्रभर सांभाळले, दुसऱ्या दिवशी दोन दीनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन असे सांगितले. एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे त्याने आपल्या ऐपतीत बसणारी मदत केली, पण ती पूर्ण केली.

मेडिकल आणि मेयो या शासकीय रुग्णालयांत पूर्व विदर्भातून आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवरील जिल्ह्यांतून रुग्ण येतात. रुग्णाला खाट मिळते. बरोबर आलेला नातेवाईक मात्र आवारात, ओसरीवर, कधी झाडाखाली दिवस काढतो. कोणता कागद कोणत्या खिडकीवर न्यायचा हे त्याला कळत नाही, रुग्णाजवळ बसायला दुसरे कुणी नसल्याने त्याला अंघोळीला किंवा जेवायला जाता येत नाही, आणि परतीच्या भाड्याचे पैसे औषधांत संपतात. मंडळीतील तरुण संघाला किंवा महिला मंडळाला प्रीतीचे काम शोधायचे असेल तर ते इथे आहे.

हे काम करताना दोघादोघांनी जावे आणि दर आठवड्याला एकच ठरलेला वार ठेवावा. रुग्णालयाच्या भेटीच्या वेळा आणि परिचारिकांच्या सूचना पाळाव्यात. रुग्णाला परस्पर काही खायला देऊ नये. मधुमेहाच्या किंवा शस्त्रक्रियेच्या रुग्णाला केळेसुद्धा अपाय करू शकते. नातेवाइकाला मात्र डबा द्यावा. आधी 'काय हवे आहे' असे विचारावे, कारण आपण दहा ब्लँकेटे घेऊन जातो आणि त्याला मोबाइलचे रिचार्ज हवे असते, गावी घरच्यांना कळवण्यासाठी. ज्याला भेटलो त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटावे. शोमरोन्याच्या कृतीत मला सर्वांत हृद्य वाटते ते त्याचे परत येण्याचे वचन. छायाचित्रे काढू नयेत.

ज्यांना शक्य आहे त्यांनी रक्तदान करावे. वय १८ ते ६५ असलेल्या, किमान ४५ किलो वजनाच्या निरोगी व्यक्तीला ते करता येते. पुरुषांनी दोन रक्तदानांमध्ये तीन महिन्यांचे आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवायचे असते. आपले रक्त कुणाला चढवले गेले हे दात्याला कळत नाही, आणि उजव्या हाताचे डाव्याला कळू नये या येशूच्या शिकवणीला ते फार जवळचे आहे.

एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. डब्याबरोबर पत्रिका देऊ नये. संकटात असलेल्या माणसाला आपण अन्न देतो आणि त्याच हाताने धर्माचे पत्रकही पुढे करतो, तेव्हा नकार देण्याचे त्याचे स्वातंत्र्य आपण काढून घेतो. शोमरोन्याने जखमीला त्याचा पंथ विचारला नाही आणि आपला सांगितलाही नाही. आपल्या शहरात हिंदू, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती शेजारीशेजारी राहतात. कुणावरही केलेली प्रीती अटीवर नसावी. त्याने होऊन विचारले की तुम्ही हे का करता, तर सौम्यतेने आणि आदराने खरे कारण सांगावे, जसे पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात शिकवले आहे.

प्रभुभोजनापूर्वी

येशूने सांगितले की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा. म्हणून प्रभुभोजनाच्या रविवारापूर्वीचा आठवडा समेटासाठी राखावा. ज्याच्याशी बिनसले आहे त्याच्या घरी जावे, फोनवर किंवा संदेश पाठवून हे उरकू नये. आपला हेतू किती चांगला होता याचे स्पष्टीकरण देत बसू नये. आपल्याकडून काय चुकले ते सांगावे आणि मग त्याचे ऐकावे. त्याने दार लावून घेतले तर रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील वाक्य लक्षात ठेवावे की शांती राखणे आपल्याकडून होईल तितके करायचे आहे.

सदरमधील ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यासाठीची बोलणी १९२९ पासून चालली होती. बाप्तिस्मा बालकांचा की प्रौढांचा, बिशप असावा की नसावा, अशा खोल मतभेदांवर माणसे चाळीस वर्षे एकमेकांशी बोलत राहिली आणि अखेर एकत्र आली. आपल्या शहरातच हे घडलेले असताना गायनवृंदात पुढे कुणी उभे राहायचे यावरून दोन कुटुंबांनी वर्षानुवर्षे बोलू नये, ही खेदाची गोष्ट आहे. आणि याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात श्रीमंताला चांगली जागा व गरिबाला पायाशी जागा देण्याचा जो निषेध आहे, तो लग्न जुळवताना अजून जात विचारणाऱ्या आपल्या घरांनाही लागू आहे. प्रभुभोजनाच्या एकाच भाकरीतून घेणाऱ्यांनी ती विचारणे सोडले पाहिजे.

समेटाच्या आज्ञेचा एका ठिकाणी गैरवापर होतो, त्याबद्दल सावध असावे. मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला 'क्षमा कर आणि नांदायला जा' असा सल्ला पाळकांनी किंवा मंडळीतील वडीलधाऱ्यांनी कधीही देऊ नये. अशा वेळी तिची आणि मुलांची सुरक्षितता हेच पहिले काम आहे. १८१ या महिला हेल्पलाइनचा क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर लावून ठेवावा.

वैऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा डोंगरावरील प्रवचनात आहे, आणि त्या प्रवचनाचे सामर्थ्य मराठी माणसाला नवे नाही. नारायण वामन टिळक राजनांदगावच्या प्रवासात असताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते पूर्णपणे त्यात गुंतले, आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वैऱ्यासाठी प्रार्थना करताना आरंभी शब्द सुचत नाहीत. तेव्हा केवळ त्याचे नाव घेऊन प्रभूची प्रार्थना म्हणावी. तिच्यातील 'आम्हांला' या शब्दात त्यालाही धरावे.

दोन कर्तव्ये एकाच वेळी समोर आली तर

चर्चचे काम आणि घरचे काम यांची ओढाताण सेवा करणाऱ्या प्रत्येकाला जाणवते, आणि घरच्यांना डावलून केलेली सेवा देवाला अधिक आवडत असेल असे आपण मानून घेतो. मार्काच्या सातव्या अध्यायात येशूने याचा निकाल दिला आहे. आईवडिलांना द्यावयाचे होते ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असे म्हणून त्यांची मदत बंद करणाऱ्यांना त्याने देवाची आज्ञा रद्द करणारे म्हटले. तेव्हा देणगीची मोठी रक्कम जाहीर करण्यापूर्वी आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन राहिले आहे का ते पाहावे. सेवेची जबाबदारी घेण्यापूर्वी पतिपत्नींनी बसून आठवड्यातील कोणत्या संध्याकाळी घरासाठी राखायच्या हे ठरवावे आणि पाळकांनाही तसे कळवावे. शब्बाथाची विश्रांती ही आज्ञाच आहे, म्हणून थकलेल्या सेवकाने काही आठवड्यांची रजा मागितली तर मंडळीने ती आनंदाने द्यावी आणि त्याचे काम दुसऱ्याने उचलावे. गायनाचा सराव आणि घरी अंथरुणावर असलेल्या वडिलांना औषध देण्याची वेळ एकच असेल, तर औषध द्यावे आणि गायनवृंदाच्या प्रमुखांना निरोप पाठवावा की आज उशीर होईल.